गाडी दात खाते

सुनेच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे दंतवैद्यांना बायकोच्या कात्रीला धार लावताना आठवलं, आणि आजवर दर वेळी केलं होतं तसंच त्यांनी ते पुन्हा बाजूला सारलं. कात्रीचं पातं दगडावर तिरकं धरून ते एकाच दिशेने घासत होते. दगडावर पाण्याचा थेंब टाकायचा, चार वेळा घासायचं, बोटाने धार चाचपायची. धार केव्हाच आली होती. तरी ते घासत होते, कारण थांबल्यावर पुढे काय करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

ते दातांचे वैद्य नव्हते, कसलेच वैद्य नव्हते. उभा जन्म त्यांनी एका कारखान्यात गिअरचे दात कापण्यात घालवला होता. लोखंडाच्या चकतीला दात पाडायचे, ते दुसरीच्या दातांत नीट बसतात का बघायचं, झिजले असतील तर नवे करून द्यायचे. कोणा टवाळाने त्यांना 'दंतवैद्य' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीसुद्धा भाषणात खरं नाव घेण्याऐवजी तेच घेतलं. सगळे हसले होते. दंतवैद्यही हसले होते; काय झालं ते मात्र त्यांना शेजारच्याने कानात ओरडून सांगितल्यावर कळलं होतं. यंत्रांच्या घरघरीत त्यांचे कान गेले होते. त्यामुळे घरात बोलणं म्हणजे ओरडणं. शेजारपाजारच्यांना त्या घरातलं सगळं माहीत असे. नसलंच तर ते दंतवैद्यांना.

"अहो!" बायको दारातून म्हणाली. हा तिचा साधा आवाज होता.

त्यांनी वर पाहिलं. तिच्या हातात फोन होता आणि त्याच्यावर तिने तळवा दाबून धरला होता.

"व्याह्यांचा फोन आहे. विचारतायत, पत्र मिळालं का?"

"कोणतं पत्र?"

"आता मलाच विचारा कोणतं. तुमच्या नावाचं आलं होतं ना सुनेचं? मी विचारलं तर म्हणालात, गाडीचं काहीतरी आहे."

"आहे ना. गाडीचंच आहे."

"मग उत्तर लिहिलंत?"

दंतवैद्यांनी पातं उलटं केलं आणि दुसरी बाजू दगडाला लावली. मग तळवा काढून बायको फोनमध्ये गोड आवाजात म्हणाली, "हो हो, मिळालंय की! ह्यांनी लिहायला घेतलंय. हो, आजच टाकतील. ह्यांचं कसं, प्रत्येक गोष्ट मोजूनमापून. हो. बरं. छकुलीचा खोकला कसा आहे?"

नातीची चौकशी संपवून, फोन ठेवून ती परत आली तेव्हा आवाजातला गोडवा संपला होता.

"ह्या वयात माझ्या तोंडून खोटं वदवलंत. शनिवारी गाडी गॅरेजात जाणार आहे. मागचा गोळा काढून टाकायचा आणि साधा बसवायचा म्हणतात. पोरीचं मन होत नाहीये, पण किती दिवस वाट बघेल ती तुमची?"

"गोळा काढणार?"

"तसंच म्हणाले. मला काय कळतं त्यातलं."

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या आत दोन्ही चाकांची वाटणी होते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी; त्यांना एकमेकांपासून वेगळं फिरू देणं हे त्या गोळ्याचं काम. साध्या गोळ्यात एक खोड असते. एक चाक चिखलात अडकलं की तेच गरगर फिरत राहतं आणि कोरड्यावरचं दुसरं ढिम्म बसून राहतं. म्हणून काही गाड्यांत आतमध्ये पातळ चकत्यांची चळत दाबून बसवतात. दोन्ही चाकांना एकमेकांपासून थोडं सुटू द्यायचं, पण फार नाही. मुलाने हौसेने आपल्या गाडीसाठी तसला गोळा आणला होता. चकत्या त्याने स्वतः लावल्या होत्या आणि गिअरचे दात दंतवैद्यांनी जुळवून दिले होते. दोघांनी मिळून केलेलं असं ते एकच काम. एरवी मुलगा कॉम्प्युटरवर काहीतरी करी; ते दंतवैद्यांना कधी समजलं नाही आणि त्यानेही समजावायचा फार प्रयत्न केला नाही.

तो गेला ऑफिसच्या जिन्यात. दमल्यासारखा पायरीवर बसला आणि उठला नाही. त्यानंतरच्या दिवसांतलं दंतवैद्यांना फार आठवत नव्हतं. शेवटच्या प्रवासाला जी गाडी आणली होती तिचा मागचा आस खराब होता आणि तो खालून पायांना कळत होता, तेवढं स्पष्ट आठवत होतं. कुणी विचारलं, कसं वाटतंय, तर ते "बरं आहे" म्हणत, आणि ते खोटं नसे. वाईट वाटत होतं असंही नाही. हात दगडावर फार वेळ ठेवला की त्याला दगड कळेनासा होतो, तसं काहीतरी झालं होतं.

"आणा ते पत्र," बायको म्हणाली.

"कशाला?"

"मी वाचते. तुमच्याने होत नाही ना? मग मी वाचते, तुम्ही सांगा, मी लिहिते. अक्षर वाईट आहे माझं, पण पोरीला सवय आहे, माझ्या हातच्या पाककृती वाचते ती."

पत्र गिअरच्या कोष्टकांच्या पुस्तकात होतं. त्या पुस्तकाचं एकच पान दंतवैद्य गेले कित्येक दिवस वाचत होते. पत्र त्यांनी आलं त्या दिवशी एकदाच वाचलं होतं. तिसऱ्या ओळीवर नजर अडकली होती, आणि त्यानंतरच्या ओळींवरून डोळे फिरले होते इतकंच.

बायकोने चष्मा लावला आणि खिडकीकडे पाठ करून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'ती. बाबांना सा. न. आईंशी फोनवर बोलणं होतं, पण हे तुम्हालाच विचारायचं होतं म्हणून लिहिते. गाडी मी आता कामावर नेते. हळू चालवत वळवली की मागून दात खाते.'" ती थांबली. चष्म्यावरून तिने पाहिलं. "बघा. किती नेमकं लिहिलंय पोरीने."

"हो," दंतवैद्य म्हणाले. "तेच."

"काय तेच?"

"दात खाल्लेत. संपलं ते. त्याला औषध नाही. गिअरने दात खाल्ले की तो भंगारात. मी काय लिहिणार होतो तिला? काढून टाका, एवढंच ना? ते तर तिकडचा गॅरेजवालाही सांगतोय."

एवढं सलग ते फार दिवसांनी बोलले होते.

"अहो, खाल्ले नाही लिहिलंय. खाते लिहिलंय."

"एकच ते."

"एकच कसं? दात खाते म्हणजे झोपेत खातात तसं. कर्र कर्र. तो खायचा तसं."

"कोण?"

"कोण म्हणजे? तो."

त्या घरात 'तो' म्हटलं की आता एकच.

"तो दात खायचा?"

"रात्रभर! लहानपणी तर असा खायचा की मला झोप लागायची नाही. शेजारीण म्हणाली जंत झाले असतील, म्हणून औषध आणलं. ते सगळं माझ्या साडीवर थुंकला मेला." बोलता बोलता तिच्या तोंडून नेहमीचा लाडाचा शब्द निघून गेला. तसंच रेटून ती पुढे म्हणाली, "मोठा झाल्यावरही खायचा म्हणे. सूनच सांगत होती. पहिल्या रात्री घाबरली होती बिचारी, घरात उंदीर आहेत म्हणून."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"कसं येणार? तुम्ही कायम रात्रपाळीला. आणि दिवसपाळी मिळाली तोवर तुमचे कान गेले होते."

दंतवैद्यांनी कात्री खाली ठेवली.

"करून दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"तो आवाज. तो कसा खायचा ते."

"वेड लागलंय का? ह्या वयात? आहेत तेवढे दात जातील माझे."

तरी तिने डोळे मिटले, जबडा बाजूला सरकवला आणि दात एकमेकांवर रेटले. दंतवैद्यांना काही ऐकू आलं नाही. ते उठून तिच्याजवळ गेले आणि कारखान्यात यंत्राच्या अंगावर ठेवत तशी त्यांनी दोन बोटं तिच्या जबड्याच्या हाडावर ठेवली.

"पुन्हा."

तिने पुन्हा केलं. बोटांखाली हाड थरथरलं. एकसारखं घासणं नव्हतं ते. धरत होतं, सुटत होतं. धरत होतं, सुटत होतं. झिजलेला दात असं करत नाही. झिजलेला दात एकाच ठिकाणी ठोकर मारतो, दर फेऱ्याला एकदा.

"सरळ रस्त्यावर येतो का आवाज? बघ, काय लिहिलंय?"

"सोडा आधी मला." तिने गाल चोळला आणि कागद डोळ्यांपुढे धरला. "'सरळ जाताना काही नाही. वेगातही नाही. फक्त हळू वळताना.'"

"तेल कधी बदललं होतं?"

"आहे ना तेही. 'हा आवाज ह्यांच्या वेळेपासूनच येतो. ते म्हणायचे, पुढच्या महिन्यात तेल बदलतो. मग राहूनच गेलं.'"

"दात चांगले आहेत," दंतवैद्य म्हणाले. "चकत्या आहेत त्या. तेल म्हातारं झालंय. चकत्या एकमेकींना धरून ठेवतात आणि एकदम सोडतात. दातांना काही झालेलं नाही."

त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी थोडं थांबून पाहिलं. आनंद झाला नव्हता, पण उभं राहावंसं वाटत होतं, आणि ते उभेच होते.

बायको पुढचं वाचत होती. आता तिचा आवाज खाली आला होता. दंतवैद्यांना ओठ हलताना दिसत होते.

"मोठ्याने," ते म्हणाले.

तिने घसा खाकरला. "'आवाज बंद करता येईल का, आणि कोणतं तेल घालून, ते कळवा. पण खरं सांगायचं तर, बंद करावा का हेच मला ठरवता येत नाही. संध्याकाळी मी फाटकातून आत वळते. तो आवाज आला की छकुली अजून दाराकडे धावते. दार उघडतं तेव्हा मी असते.'"

खाली सूनबाईची सही होती. बायकोने पत्राची आधीची घडी होती तशीच घडी घातली.

"बंद होईल का हो तो?" तिने विचारलं.

"होईल."

"वेळ लागतो?"

"तेल ओतायला कितीसा वेळ लागतो? त्यात घालायचं एक औषध मिळतं. सकाळी ओतलं की संध्याकाळी बंद."

"म्हणजे एका दिवसात."

"एका दिवसात."

कात्री उचलून बायकोने पदराच्या टोकाचा लोंबता धागा कापून पाहिला, आणि धार चांगली लागल्याचं न सांगताच ती आत गेली.

तेलवाल्याचं दुकान सुट्या भागांच्या बाजारात, टायरवाल्याला लागून होतं. दुकान कसलं, दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे आणि मधून एक माणूस आडवा जाईल एवढी बोळकांडी. तिच्या तोंडाशी तेलवाला बसे. अंगात बनियन, आणि ते मुळात कोणत्या रंगाचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"या, या! दंतवैद्य! आज दवाखाना उघडला वाटतं! कुणाची कवळी..."

तेवढ्यात त्याला आठवलं. तोंड उघडंच राहिलं. मग त्याने फडकं घेतलं आणि स्टूल पुसलं, आणि पुसून झालेलं स्टूल पुन्हा एकदा पुसलं.

"बस," तो कानाशी येऊन ओरडला. "चहा सांगू?"

"नको. विचारायला आलोय."

"विचारणारेच येतात रे. घेणारे पलीकडच्या दुकानात जातात. विचार."

दंतवैद्यांनी गोळ्याचं सांगितलं. सांगताना त्यांना जाणवलं की आपण ऑफिसातल्या माणसासारखं बोलतोय. गाडी कुणाची हे कुठेच येत नाहीये. तेलवाल्यानेही विचारलं नाही.

"आत चकत्या आहेत की नुसते गिअर?" त्याने विचारलं. "नुसत्या गिअरचा असेल तर औषध लागत नाही. घातलं तर पाण्यात."

"चकत्याच. मी पाहिल्यात. बसवायच्या आधी त्याने त्या रात्रभर तेलात भिजत ठेवल्या होत्या, त्याच्या आईच्या पातेल्यात. ती दोन दिवस बोलली नव्हती त्याच्याशी."

तेलवाल्याने मान हलवली आणि तो उगाचच एक डबा सरळ करू लागला. मग वरून दोन डबे काढून त्याने स्टुलाजवळ जमिनीवर मांडले.

"हे बघ. हे नव्वद नंबरचं तेल, जीएल-पाच दर्जाचं, आणि ह्यात औषध कंपनीनेच मिसळलेलं. सूनबाईला सांग, जुनं काढ आणि हे ओत. गाडी गप्प. डोक्याला ताप नाही."

"आणि ह्याच्यावर आणखी औषध?"

"छे! साखर घातलेल्या चहात परत साखर? मग चकत्या सटासट घसरतात. एक चाक चिखलात गेलं की दुसरं नुसतं बघत बसतं, माझ्या मेहुण्यासारखं."

"आणि हे दुसरं?"

"हे साधं. नंबर तोच, पण बिनसाखरेचं. औषध वेगळं घ्यायचं." त्याने खोक्यातून तळहाताएवढी बाटली काढून नाचवली. "गंमत बघ. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तर ती भेसळ. मी तेलात हे घालायला सांगून वर पैसे घेतो, तर ती शिफारस. अख्खी बाटली ओतायची, गाडी चार वेळा गोल फिरवायची, झालं."

दंतवैद्यांनी बाटली हातात घेतली. आतलं द्रव मधासारखं दिसत होतं, पण बाटली कलती केली की पाण्यासारखं हललं.

"अर्धी घातली तर?"

"अर्धी?"

"हो."

"तर अर्धा आवाज. पण अर्धी कोण घालतं?"

"आणि अर्ध्याहूनही कमी घातली, तर चकत्यांचं काय?"

तेलवाल्याने डोळे बारीक केले. "थोड्या झिजतील, दुसरं काय? लगेच काही मर..." त्याने शब्द गिळला. "लगेच काही होत नाही. महिनोन्‌महिने चालते गाडी तशी. पण तू हे विचारतोयस? डब्यावर लिहिलंय तेवढं म्हणजे तेवढं, असं तूच सांगायचास. एकदा मी तुला चमचाभर तेल कमी दिलं म्हणून सायकलवरून परत आला होतास!"

"चमचाभर नव्हतं. दोन चमचे होतं."

"बघ!" तेलवाला खूश झाला. "मग कोणतं देऊ? मिसळलेलंच ने. तिला सोपं पडेल. बाई माणूस, एकटी..." तो पुन्हा अडखळला.

"नेत नाही काही. ती तिकडेच घेईल," दंतवैद्य म्हणाले. "साधंच सांगतो तिला. औषध वेगळं."

"का पण?"

दंतवैद्यांनी कानामागे हात धरला. तेलवाल्याने प्रश्न परत ओरडून विचारला नाही. जाताना मात्र त्याने ती छोटी बाटली जबरदस्तीने त्यांच्या खिशात कोंबली. नमुना म्हणून, तो म्हणाला, आणि पैशाचं नाव काढलंस तर बघ.

दुपारी जेवणं झाल्यावर दंतवैद्यांनी टेबल पुसून घेतलं आणि कागद समोर घेतला. कोपऱ्यात तारीख घातली. मग सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि त्यांचं पेन थांबलं.

मागेही दोनदा ते इथवरच आले होते. लग्न झाल्यापासून सुनेला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची सुरुवात हात आपसूक तशीच करी. 'सौ.' आता लिहायचं नसतं. खोडलं तर खोडलेलं दिसलं असतं. मागच्या दोन्ही वेळी त्यांनी कागद चुरगळून खिशात घातला होता आणि फिरायला जाऊन आले होते.

बायको समोर गहू निवडत बसली होती. तिने मान तिरकी करून कागदाकडे पाहिलं. बराच वेळ तो कागद तसाच होता.

"नुसतं 'चि.' लिहा," ती म्हणाली. "चि. म्हणजे चिरंजीव. ती राहू दे जिवंत, म्हणजे झालं."

त्यांनी दुसरा कागद घेतला. ह्या वेळी पेन थांबलं नाही. लिहिता लिहिता त्यांनी खिशातली बाटली काढून समोर ठेवली, उजेडात धरली, पुन्हा ठेवली. एक वाक्य खोडलं, आणि ते खोडलेलं तसंच राहू दिलं. पत्र दीड पानाचं झालं.

"वाचते हं," बायको म्हणाली आणि परवानगीची वाट न पाहता तिने कागद ओढला.

"'चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. गोळा काढू देऊ नकोस. त्याचे दात चांगले आहेत. आवाज आतल्या चकत्यांचा आहे, तेल जुनं झाल्यामुळे होतो. जुनं तेल गाडी चालवून गरम झाल्यावर काढायला सांग. मग नव्वद नंबरचं, जीएल-पाच लिहिलेलं साधं तेल, बाजूच्या भोकातून सांडू लागेपर्यंत भरायचं. औषध मिसळलेलं तेल घेऊ नकोस, गॅरेजवाला आग्रह करेल तरी. औषधाची बाटली वेगळी घे. तिच्यावर पेनाने सारख्या अंतरावर रेघा ओढ, साताठ तरी. दर महिन्याला एका रेघेपर्यंतच घालायचं. आधी पिचकारीने तेवढंच तेल बाहेर काढायचं. मग मोकळ्या मैदानात गाडी अगदी हळू चालवून आठचा आकडा काढायचा, म्हणजे औषध चकत्यांमध्ये शिरतं. इंग्रजी आठ काढ. मराठी काढलास तर कुंपणात जाशील.'"

बायको हसली. हसू आलं ते तिलाही अनपेक्षित असावं, कारण तिने लगेच हाताने तोंड झाकलं. मग पुढच्या ओळी तिने मनात वाचल्या. त्या तीनच होत्या.

औषध एकदम सगळं घालायचं नसतं. आवाज एकदम जाणार नाही, थोडा थोडा कमी होत जाईल. नक्की कोणत्या दिवशी थांबला, ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

तिने समोरची बाटली उचलली, चष्मा कपाळावर ढकलला आणि मागचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ नेऊन वाचला. वाचायला तिला वेळ लागला. दंतवैद्य पाकिटावर पत्ता घालत होते.

"अहो."

"हं?"

"ह्यावर तर लिहिलंय, संपूर्ण बाटली एकाच वेळी."

दंतवैद्यांनी पत्त्याची शेवटची ओळ पूर्ण केली.

"ऐकू आलं का?"

"आलं."

"मग?"

"आमच्याकडे असंच करतात," ते म्हणाले.

बायकोने बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बाटलीचं बूच तिने उगीचच घट्ट केलं आणि ती फडताळात, मिठाच्या बरणीमागे ठेवून आली. येताना चप्पल घालूनच आली.

"मी पण येते. नाहीतर पेटीपाशी जाऊन परत याल."

टपालपेटी चौकापलीकडे, औषधांच्या दुकानाबाहेर होती. बायको एक पाऊल पुढे आणि दंतवैद्य एक पाऊल मागे, असे ते नेहमी चालत तसेच चालले. रस्ता ओलांडायला उभे राहिले तेव्हा ती म्हणाली, "घरी गेल्यावर व्याह्यांना फोन करते. शनिवारी गाडीला कुणी हात लावायचा नाही, आमच्या ह्यांचं पत्र येतंय म्हणून."

"सांग."

"साताठ महिने म्हणजे छकुली तोवर शाळेत जायला लागेल."

दंतवैद्यांनी मान हलवली.

"संध्याकाळपर्यंत दमेल. झोपून जाईल लवकर. पोरं झोपतात शाळेला लागली की."

एक बस धूर सोडत समोरून गेली. ती जाईपर्यंत दोघं थांबली. मग रस्ता ओलांडून दंतवैद्यांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला, आणि पत्र पेटीत टाकलं.